हळदीची चिंधी

धुरपताच्या मांडीवर लावलेली हळद बघता बघता लाल झाली आणि शेजारी बसलेल्या कुंताबाईने तोंडावर हात ठेवला.

"बाप्पा! हळदीचं कुंकू झालं वं! देवीचा कोप होय का काय?"

"देवीले दुसरे कामं नाईत का? माया मांडीवर कायले येऊन बसते ते?" धुरपता म्हणाली. पण तिनेही हळद बोटाने पुसून पुन्हा पाहिली. जखमेवर हळद लावायची हे तिला कोणी नव्याने शिकवलं नव्हतं. मासळी कापताना बोट कापलं, हळद. पोरगी सायकलवरून पडली, हळद. आजवर हळद पिवळीच राहिली होती. आज ती लाल झाली, आणि खालची कातडी अशी चुरचुरत होती की डोळ्यांत पाणी यावं.

हे घडलं शहापूरला, भैय्याजींच्या शेडमागच्या खोलीत. भैय्याजी कोशाचे व्यापारी. जंगलातल्या ऐनाच्या झाडावर अळी स्वतःभोवती जे टणक, तपकिरी घर विणते तो कोसा. तो उकळून मऊ करायचा, चार-पाच कोशांचे तंतू एकत्र ओढायचे, डाव्या मांडीवर तळहाताने वळायचे आणि लाकडी फिरकीवर गुंडाळायचे, की झालं रेशमाचं सूत. सूत मांडीवर वळायचं म्हणून मांडी उघडी. मांडी उघडी म्हणून दाराला जाड पडदा. आणि पडदा आहे म्हणून आत काय चालतं ते कोणा पुरुषाने कधी पाहिलेलं नाही. त्या पडद्याची लाज बायकांना होती आणि सोय भैय्याजींना होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

धुरपता मूळची लाखनीकडची, तलावावर जाळं टाकणाऱ्या ढिवराची लेक. जीभ पहिल्यापासून तिखट. लग्नाच्या पंगतीत वराकडचा कोणी म्हणाला, "नवरी सावळी हाये." मुंडावळ्या बांधलेली ही पोरगी तिथल्या तिथे म्हणाली, "तुमच्या नदीचं पाणी मोठं गोरं हाये का?" तिच्या सासरच्या, कारध्याच्या लोकांनी ते वाक्य अजून विसरलेलं नाही. नवरा सुखराम वैनगंगेत जाळं टाकायचा. तो शांत माणूस. घरातलं बोलणं त्याने लग्नापासून बायकोकडे सोपवलं होतं.

सासू गेली आणि तिची पडद्याआडची जागा धुरपताकडे आली. पहिल्या दिवशी तिने लुगडं गुडघ्याच्या वर घेतलंच नव्हतं. कुंताबाई तेव्हाही तिथेच होती. ती म्हणाली होती, "लाजू नको. इथं सगळ्याच उघड्या." पुढे सवय झाली. सूत घासून घासून मांडीवर वीतभर जागा गुळगुळीत झाली. तिथे केस उगवेनात. धुरपताला त्याचा एक विचित्र अभिमानही होता. तिच्यासारखं बारीक, सारखं सूत त्या खोलीत दुसऱ्या कोणाचं निघत नसे, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

मग भैय्याजींनी कॉस्टिक सोडा आणला. साध्या धुण्याच्या सोड्यात कोसा मऊ व्हायला वेळ लागायचा. कॉस्टिकमध्ये चहा होईपर्यंत काम फत्ते. शिजवणारा गडी खूश, भैय्याजी खूश. कोसे जेमतेम एका पाण्यातून काढून घमेल्यात टाकायचे आणि घमेली पडद्याआड सरकवायची. पुढचं ज्याचं त्याने बघावं. बायकांचे तळहात घट्टे पडून निबर झालेले, ते तगले; मांड्या मात्र आधी खाजल्या, मग लाल झाल्या, मग सोलल्या. कोणी बोललं नाही. जखम हातावर असती तर दाखवली असती. पायाच्या बोटावर असती तरी चाललं असतं. पण ही जागा दाखवायची कोणाला, आणि कशी?

त्यात सूतही तुटायला लागलं. सूत विकत घेणारे आंधळगावचे विणकर भैय्याजींवर ओरडले आणि भैय्याजी येऊन पडद्यावर ओरडले.

"धुरपता, तुहा पाय आता निबर झाला. सूत ताणाले टिकून नाई राहिलं. घरी पोरगी हाये नं तुयी? तिले पाठव. कवळ्या पायावर सूत चांगलं निघते."

धुरपताने यावर काहीच उत्तर दिलं नाही. खोलीतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. या बाईने उत्तर दिलं नाही, असं त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

पोरगी म्हणजे गुड्डी. भंडाऱ्याच्या कॉलेजात विज्ञान शिकत होती. रोज सकाळी मायलेकी एकाच ऑटोत बसून नदीचा पूल ओलांडायच्या. गुड्डी भंडाऱ्यात उतरायची, आई पुढे शहापूरला जायची. त्या संध्याकाळी आईने लाल झालेल्या हळदीची गोष्ट सांगितली, तर ही हसायला लागली.

"आई, कुंकू कशाचं बनवतात?"

"हळदीचं. चुना टाकून."

"मंग तुया मांडीवर चुन्याचा मोठा भाऊ बसला हाये."

तिने एक जुनी चिंधी हळदीच्या पाण्यात बुडवली. चिमूटभर चुना लावला, चिंधी लाल. त्यावर चिंचेचं पाणी पिळलं, चिंधी पुन्हा पिवळी. धुरपताने चिंधी तिच्या हातातून हिसकावून घेतली आणि स्वतः करून पाहिलं. मग पुन्हा करून पाहिलं. सुखराम जाळं दुरुस्त करायचं सोडून बघत बसला.

गुड्डी सांगत गेली. चिंच, लिंबू, ताक हे आंबट, म्हणजे आम्ल. त्यांच्याकडे हायड्रोजनचा एक बारीक कण द्यायला तयार असतो. चुना, राख, सोडा हे खार, म्हणजे आम्लारी. खार तो कण घ्यायला टपलेला असतो. दोघांची गाठ पडली की एकमेकांचा जोर मारतात. पाणी दोघांच्या मधलं, ना आंबट ना खार. चिंच एका टोकाला आणि कॉस्टिक पार दुसऱ्या टोकाला.

"अन् कोसा?" धुरपताने विचारलं.

"कोशाचं सूत प्रथिनाचं असते. म्हणजे मण्यांची लांबच लांब माळ. आतल्या धाग्यात ह्या माळा एकीला एक चिकटून ताठ निजतात. बाबानं जाळं नीट घडी करून ठेवावं तशा. पाणी आत शिरत नाई, म्हणून धागा मजबूत. वरून डिंक असतो, थोही प्रथिनच. पण त्याच्या माळा विस्कटलेल्या, सैल. गरम खार आत घुसते, माळा सुट्या करते अन् डिंक पाण्यात निघून जाते. मंग सूत मोकळं."

"अन् कातडी कशाची?"

गुड्डी थांबली. पुस्तकातलं उत्तर तिला येत होतं, पण आईच्या तोंडाकडे बघून ते लवकर बाहेर येईना.

"तेही प्रथिनच, आई."

धुरपताने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "म्हणजे त्या सोड्याले समजत नाई, कोसा कोणता अन् धुरपता कोणती."

"नाई समजत. कॉस्टिक जास्त झालं तर थे आतला धागाही सोडत नाई. म्हणून तुमचं सूत तुटून राहिलं. तुया पायाचा काही दोष नाई." आणि एवढं बोलून ती पोरगी जे बोलू नये ते बोलली. "तुही मांडी बरी होयेपर्यंत मी बसून पाहीन. भैय्याजी म्हणतच हायेत."

धुरपता उठून उभी राहिली. "तुही मांडी त्या खोलीत उघडली नं, तर भैय्याजीची शेड उचलून वैनगंगेत बुडवीन. समजलं?"

सुखराम हळूच म्हणाला, "शेड उचलाले मीही लागन का?" पण कोणी हसलं नाही.

आता धुरपताने मनाशी एक हिशेब मांडला, आणि तो साफ चुकला. ढिवराची लेक ती. काटेरी बारीक मासळी चिंचेत शिजवली की काटे मऊ पडतात, हे तिने आईच्या मागे उभं राहून पाहिलेलं. तिने विचार केला, आंबटाने काटा मऊ होतो, तर कोसा का नाही होणार? सोड्याचं कामच पडणार नाही. वरून आंबट काही मांडी सोलत नाही. तिने शिजवणाऱ्या गड्याकडून थोडे कच्चे कोसे मागून आणले, चिंचेच्या दाट कोळात टाकले आणि चुलीवर चढवले. गुड्डी कॉलेजात होती. सुखरामने विचारलं, "आज कायची भाजी?" "चूप बसा," धुरपता म्हणाली.

कोसे उकळले, उकळले, उकळतच राहिले. बाहेर काढले तर सुपारीसारखे टणक. एक तिने दगडाने ठेचून पाहिला, तर तो उडून सुखरामच्या पायाला लागला. घरभर मात्र आंबट वास भरला होता, आणि शेजारची चंदा खरंच भाजी मागायला आली.

गुड्डीने घरी येऊन पातेलं पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "आई, काट्यात चुना असते. आंबट चुना खाते म्हणून काटा मऊ पडते. कोशात चुना कुठचा? उलट डिंकाच्या माळेवर दोन जातीचे भार असतात. खारात सगळे एका जातीचे होतात, एकमेकाले ढकलतात, अन् माळा सुटतात. चिंचेच्या आंबटात दोन्ही बरोबरीत येतात अन् माळा एकमेकीले धरून बसतात. तू डिंक काढला नाई, पक्का केला!"

"हे आधी सांगाले काय झालं होतं?" धुरपता भडकली.

"तू विचारलं कुठं होतं?"

हेही खरंच होतं. धुरपता त्या दिवशी जेवली नाही. चूक झाल्याचं दुःख नव्हतं तिला. चूक चंदाच्या समोर झाली, याचा राग होता.

उपाय निघाला तो कुंताबाईकडून, तोही सहज बोलता बोलता. "भैय्याजीचा बाप होता तवा चुलीच्या राखेच्या पाण्यात कोसा शिजे," ती म्हणाली. "वेळ लय लागे. पण मांड्या नाई सोलल्या आमच्या." राखेचं पाणीही खारच, पण कॉस्टिकपुढे गरीब. मायलेकींनी राख भिजवली, वरचं निवळ पाणी घेतलं, कोसे त्यात सावकाश शिजवले. मग साध्या पाण्यात धुतले आणि शेवटी पातळ चिंचेच्या पाण्यातून काढले. हळदीची चिंधी लावली. पिवळी. धुरपताने दार लावून घेतलं आणि उजव्या, न सोललेल्या मांडीवर सूत वळलं. उलट्या हाताने काम, तरी सूत निघालं, आणि असं निघालं की ओढून ओढून गुड्डीचं बोट कापायची वेळ आली. धुरपताला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी फुटलं.

दुसऱ्या दिवशी तिने ते सूत पडद्याच्या फटीतून बाहेर धरलं आणि भैय्याजींना सगळं सांगितलं. राख, धुणं, चिंच. भैय्याजींनी सूत ताणून पाहिलं. चांगलं आहे हे त्यांच्या बोटांना कळलं, पण वेळेचा विचार त्यांच्या डोक्यात त्याहून आधी पोचला.

"शिजवणं माहं काम, सूत काढणं तुमचं. मले शिकवू नको, धुरपता. इतका टाइम कोणाजवळ हाये?"

"मंग निदान नीट धुवून तरी द्या. चिंचेचं पाणी काही सोन्याचं नाई."

"जमत असन तर बस. नाई जमत तर पोरीले पाठव, नाईतर घरी राह्य."

धुरपताने लुगडं खाली ओढलं आणि ती उठली. तिला वाटलं, मागे पाच बायका उठतील. कोणी उठलं नाही. सगळ्यांच्या माना घमेल्यांत. कुंताबाईने तर डोळेच मिटून घेतले होते. ऑटोत बसून पूल ओलांडेपर्यंत धुरपता स्वतःशी बडबडत होती, आणि त्या बडबडीत भैय्याजींपेक्षा कुंताबाईच जास्त होती.

घरी ती बसून राहिली. मांडीवर खपली धरली. भैय्याजींचा निरोप मात्र रोज येई. चंदाही त्याच खोलीत कामाला होती, तीच आणायची. "जागा रिकामी हाये, पोरीले पाठव म्हणते." धुरपता निरोप ऐकायची आणि भांडी जोरात आपटायची.

मग एका सकाळी गुड्डी नेहमीसारखी ऑटोत बसून गेली. थोड्या वेळाने चंदा कामावर निघाली, ती दारातूनच म्हणाली, "गुड्डी आज ऑटोवाल्याले शहापूरचं भाडं देऊन बसली वं. काहून?"

धुरपताने हातातलं भांडं चुलीपाशीच टाकलं. पोरगी आईच्या पायासाठी गेली होती, हे तिला कळलं. म्हणूनच जास्त संताप आला. तिने हळदीत बुडवलेल्या चिंध्या टोपलीत टाकल्या, चिंचेचा डबा घेतला आणि चंदाच्या मागोमाग ऑटोत चढली.

पडदा बाजूला करून धुरपता खोलीत शिरली. तिच्याच जागेवर गुड्डी बसलेली. सलवार गुडघ्याच्या वर गुंडाळलेली, कोवळी, गोरटेली मांडी उघडी, आणि समोर घमेलं. पहिला कोसा अजून हातातच होता.

"आई, थोडेच दिवस," गुड्डी म्हणाली.

धुरपता ओरडली नाही. तिने एक चिंधी काढून लेकीच्या घमेल्यात बुडवली. चिंधी पाण्यात शिरताना पिवळी होती, वर आली ती कुंकवासारखी लाल. ती तिने सगळ्यांना दिसेल अशी धरली. मग खाली बसून लेकीची सलवार घोट्यापर्यंत ओढली आणि वरून स्वतःचा पदर टाकला.

"हे पोट्टी मले सांगत होती, खाराले कोसा अन् माणूस सारखाच," ती म्हणाली. "खाराचं सोडा, थो तर बिचारा सोडाच हाये. त्याले डोळे नाईत. आपल्याले हायेत नं?"

मग कुंताबाईने, जिने डोळे मिटून घेतले होते तीच कुंताबाई, टोपलीतली एक चिंधी उचलली. आपल्या घमेल्यात बुडवली. लाल. तिने ती घमेल्याच्या काठावर टाकली आणि दोन्ही हातांनी लुगडं खाली ओढून पाय झाकले. तिच्या शेजारचीने तेच केलं. मग तिच्या शेजारचीने. चंदा अजून उभीच होती, ती तशीच खाली बसली आणि तिने पाय पोटाशी घेतले. एकामागून एक सगळ्या मांड्या झाकल्या गेल्या, आणि त्या खोलीत पहिल्यांदाच पडद्याची काही गरज उरली नाही.

धुरपताने पडदा धरला आणि सर्रकन उघडला.

बाहेर भैय्याजी उभे होते. त्यांनी सवयीने चटकन भिंतीकडे तोंड फिरवलं. "अगं, पडदा! पडदा लाव!"

"मान फिरवू नका, भैय्याजी. सगळ्या झाकून बसल्या हायेत. पाहा आता."

भैय्याजींनी बिचकत मान वळवली. इतक्या वर्षांत त्यांनी ती खोली पहिल्यांदा आतून पाहिली. पाय झाकून ओळीने बसलेल्या बायका, समोर घमेली, आणि प्रत्येक घमेल्याच्या काठावर एकेक लाल चिंधी.

"हे काय नाटक हाये?"

"नाटक नाई. हळद हाये," कुंताबाई म्हणाली. "तुमच्या बापाच्या वेळी लाल नाई व्हायची."

"मी दुसऱ्या बाया आणीन! लाखनीवरून आणीन!"

"आणा नं," धुरपता म्हणाली. "लाखनी तर माहं माहेर होय. तुमचा ऑटो पोचाच्या आधी माही चिंधी पोचन. हळद लय हाये घरी."

भैय्याजी तिच्याकडे बघत राहिले. मग बायकांकडे. मग शेडमध्ये वाफाळणाऱ्या कोशांकडे, जे त्या बायकांशिवाय नुसते उकडलेले कोसेच राहणार होते. धुरपताने लेकीच्या डोक्यावर टपली मारली. "जा तू. कॉलेजात जा. अजून काय काय खाते थो सोडा, थे शिकून ये."

गुड्डी उठली, भैय्याजींच्या शेजारून निघाली आणि मान वर ठेवून बाहेर गेली.

थोड्या वेळाने भैय्याजी वाकले आणि दाराजवळचं घमेलं त्यांनी स्वतः उचललं. पाणी हिंदकळून त्यांच्या बोटांवर आलं. घमेलं नळाशी टेकवताच त्यांनी घाईघाईने हात पँटला पुसला, आणि पुन्हा पुसला.

"असं पुसून नाई जात थे," धुरपता मागून म्हणाली. "चिंच डब्यात हाये, भैय्याजी. आधी हात धुवा, मंग कोसे धुवा. आमी बसून हाओत."